चालू घडामोडींची तयारी: आधी घरचं, मग जगाचं

पहिलं काम, मोबाइलमधल्या पीडीएफ उडवा. टेलिग्रामवर रोज पडणाऱ्या वन-लायनरच्या (एका ओळीतल्या माहितीच्या) फाइली कुणी वाचून संपवल्यात, असं कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याच अभ्यासिकेत ऐकलेलं नाही. एक मराठी पेपर, एक मासिक आणि खात्री करायला पीआयबी, म्हणजे केंद्र सरकारचं पत्र सूचना कार्यालय, एवढं पुरतं. मग लोकसेवा आयोगाच्या परीक्षांचे मागचे पेपर काढा आणि चालू घडामोडींच्या प्रश्नांवर खुणा करत जा. नुसती घटना कमी विचारतात, तिच्या मागचा कायदा, संस्था, नकाशा जास्त. वही त्याच हिशोबाने आखा.

सुरुवात घरापासून. कोल्हापुरात राहून मुंबई उच्च न्यायालयाच्या इथल्या सर्किट बेंचचा प्रश्न चुकवणं काही बरं दिसत नाही, तेव्हा त्याला अख्खं पान द्या. डावीकडे घटना: १७ ऑगस्ट २०२५ ला तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते उद्घाटन, दुसऱ्या दिवसापासून कामकाज, आणि सहा जिल्हे, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पुणे यात नाही. पर्यायांत घुसवायला पेपर काढणाऱ्याला यापेक्षा सोयीचा जिल्हा कुठला मिळणार? उजवीकडे राज्यव्यवस्था: हे बेंच ज्याखाली आलं ते राज्य पुनर्रचना कायदा १९५६ चं कलम ५१(३), आणि नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्याची खंडपीठं. गोवा वेगळं राज्य असून उच्च न्यायालय मुंबईचंच कसं, हे विचारलं की दोन राज्यांना एकच उच्च न्यायालय देणारं संविधानाचं कलम २३१ आलं. एका बातमीत राज्यव्यवस्थेचा निम्मा धडा उरकतो.

पुढचं पान पन्हाळ्याचं. जुलै २०२५ मध्ये पॅरिसला युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या ४७ व्या अधिवेशनात पन्हाळ्यासह मराठा लष्करी स्थापत्य यादीत गेलं. भारताचं हे ४४ वं वारसास्थळ. किल्ले बारा, पण महाराष्ट्रात अकराच, बारावा जिंजी तमिळनाडूत. ‘सर्व बारा किल्ले महाराष्ट्रात आहेत’ हे विधान बरोबर की चूक, असा प्रश्न मला तर आत्ताच छापलेला दिसतोय. बाराही नावं नकाशावर स्वतःच्या हाताने टाका आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग या बेटांवरच्या किल्ल्यांना वेगळा रंग द्या.

कोल्हापुरी चपलेचंही तसंच. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानमधल्या शोवरून चपलेवर गदारोळ झाला, तो सगळ्यांना पाठ आहे. पण भौगोलिक मानांकन २०१९ चं, त्यात आठ जिल्हे आणि त्यातले चार कर्नाटकातले, हे विचारलं की वर्गात शांतता पसरते.

राष्ट्रीय पातळीवर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे जीएसटीचे ५ आणि १८ टक्क्यांचे टप्पे, निवडक वस्तूंवरचा ४० टक्के दर आणि त्यासोबत जीएसटी परिषदेचं कलम २७९अ करा. ३० जुलै २०२५ ला जीएसएलव्ही-एफ१६ रॉकेटवरून गेलेला नासा-इस्रोचा निसार उपग्रह करा. खेळात २ नोव्हेंबर २०२५ ची महिला क्रिकेट विश्वचषकाची अंतिम लढत बघा. सांगलीच्या स्मृती मानधनामुळे ती तशीही लक्षात राहते.

आंतरराष्ट्रीय भाग उगाच फुगवू नका. संघटना, नवा सदस्य आणि यजमान एवढ्या तीन रकान्यांत बराचसा मावतो: जानेवारी २०२५ मध्ये ब्रिक्समध्ये इंडोनेशिया, ऑक्टोबरमध्ये आग्नेय आशियाई देशांच्या आसियानचा अकरावा सदस्य तिमोर-लेस्ते, नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला कॉप ३० ही हवामान परिषद, २०२६ ला ब्रिक्सचं अध्यक्षपद भारताकडे. शेजारी देशांना मात्र वेगळं पान हवं.

आणि पदं पेन्सिलनेच लिहा. सर्किट बेंचच्या पानावर गवई सरन्यायाधीश आहेत, पण २४ नोव्हेंबर २०२५ ला न्या. सूर्य कांत ५३ वे सरन्यायाधीश झाले. उद्घाटन कुणाच्या हस्ते आणि आजचे सरन्यायाधीश कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. राज्यपाल, आयोगांचे अध्यक्ष, लष्करप्रमुख ही पानं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात अधिकृत संकेतस्थळांवरून पुन्हा ताडून घ्या.