मीटअप ठरवताय? हॉल बुक करायच्या आधी हे बघून घ्या

पुण्यात पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा मीटअप असो नाहीतर लिनक्सचा, पोस्टरवर 'सर्वांसाठी खुला' असं टाकलं जातं आणि येतात तेच नेहमीचे चेहरे, बहुतेक मुलगे, बहुतेक आयटीतले, बहुतेक टू-व्हीलरवाले. बाकीच्यांना कोणी अडवलेलं नसतं हो, पण त्यांना यायला जमेल असं कोणी काही केलेलंही नसतं. आणि हे सगळं जमतं किंवा फिसकटतं ते तारीख आणि जागा ठरते तेव्हाच, म्हणून सुरुवात तिथूनच.

तारीख बघताना नुसते लाँग वीकेंड बघू नका. गणपतीत मध्य पुण्यातले रस्ते बंद, रमजानमध्ये संध्याकाळी ठेवलात तर इफ्तारच्या वेळी ब्रेक हवाच, इंजिनिअरिंगच्या परीक्षा लागल्या की स्टुडंट्स विसरा. संध्याकाळी सहाला सुरू करून साडेनऊला संपवणार असाल तर हॉस्टेलवर राहणाऱ्या मुली मधूनच उठणार, त्यांचं गेट बंद होतं. सोलापूर-साताऱ्याहून येणाऱ्यांचंही तेच, एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे त्यामुळे येणं परवडतं पण रात्री उशिरा परत कसं जायचं? मला विचाराल तर सकाळी अकरा ते चार, मेट्रोच्या जवळ, बास.

आता जागा. कंपनीचा हॉल फुकट मिळतो म्हणून आपण लगेच हो म्हणतो, पण गेटवर सिक्युरिटी आधार मागते, लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून घेते आणि आधारवरचंच नाव पासवर छापून गळ्यात घालायला देते. ज्या ट्रान्स व्यक्तीचं कागदावरचं नाव अजून जुनंच आहे तिच्यासाठी मीटअप तिथेच संपला. तेव्हा आधीच बोलून ठेवा, ओळखपत्र गेटवर नुसतं दाखवायचं, आणि गळ्यातला बॅज आपला, त्यावर ज्याने त्याने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं.

हॉल बघायला स्वतः जा, टेप घेऊन जा. फोनवर विचारलं की 'हो हो, लिफ्ट आहे' एवढंच कळतं, लिफ्टपर्यंत पोचायला चार पायऱ्या आहेत हे कोणी सांगत नाही. दरवाजा ९०० मिलिमीटर रुंद हवा, रॅम्पचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, पायरीवर फळी टाकली तर ती घसरगुंडी होते. अपंगांसाठीचं टॉयलेट उघडून बघा, नकाशावर बघू नका. बऱ्याच ठिकाणी त्याला कुलूप असतं, आत बादल्या, पोछे आणि फिनेलचे कॅन, आणि किल्ली ज्याच्याकडे तो सुपरवायझर रविवारी सुट्टीवर! किल्ली आदल्या दिवशीच ताब्यात घ्या. स्टेजलाही रॅम्प आहे का बघा, नसेल तर स्पीकरचं टेबल सरळ खाली मांडा, व्हीलचेअरवरचा माणूस फक्त ऐकायलाच येणार असं का धरायचं?

मग घोषणा. व्हॉट्सअॅपवर पोस्टरची इमेज टाकली की स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्याला त्यातलं धड काही कळत नाही, म्हणून तोच मजकूर खाली युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली पीडीएफ तर नकोच, ती वाचताना निव्वळ अगम्य अक्षरं ऐकू येतात. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, तो लावा, माऊस बाजूला ठेवा आणि आपलाच रजिस्ट्रेशन फॉर्म भरून बघा, पाच मिनिटांत घाम फुटेल. फॉर्ममध्ये 'तुम्हाला काय सोय लागेल?' असा एक मोकळा प्रश्न पुरे. २०१६च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत म्हणून २१ चेकबॉक्स नकोत आणि सर्टिफिकेट तर अजिबात मागू नका. जे जमणार नाही तेही स्पष्ट लिहा, 'लिफ्ट नाही, हॉल पहिल्या मजल्यावर'. आशेवर बोलावून दारातून परत पाठवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

सांकेतिक भाषेचे दुभाषे लागणार असतील तर महिनाभर आधी विचारा, आणि दोघे सांगा, एकटा माणूस तासन्‌तास करू शकत नाही. वाणी-श्रवण अपंगत्वासाठीच्या, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत यांचं प्रशिक्षण चालतं, तिथे चौकशी करता येईल. स्लाईड्स त्यांना आधी पाठवा, नाहीतर पायथनच्या टॉकमध्ये डेकोरेटर आणि जनरेटर हे कोडमधले शब्द ऐकून मांडवाचं काम चाललंय असंच वाटायचं.

स्पीकरना चारच गोष्टी बजावा. 'मला माईक लागत नाही, माझा आवाज मोठा आहे' हे चालणार नाही, श्रवणयंत्रवाल्यांना आणि रेकॉर्डिंगला माईकच लागतो. प्रेक्षकांतला प्रश्न माईकवर परत बोलायचा. कोडचा फॉन्ट शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे, अक्षर आणि बॅकग्राऊंडचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १. आणि 'लाल ते चूक, हिरवं ते बरोबर' असं नुसतं रंगावर सोडू नका, हे दोन रंग न ओळखणारे पुरुष बरेच असतात. टॉक मराठीत असेल तर तसं आधी सांगा, प्रश्न कुठल्याही भाषेत चालू द्या.

वर्कशॉप असेल तर सगळ्यांकडे लॅपटॉप आणि भरपूर डेटा असतो असं समजू नका. इन्स्टॉलर पेनड्राइव्हवर ठेवा, दोघांत एक लॅपटॉप चालेल म्हणा, एक्स्टेन्शनच्या वायरी टेपने जमिनीला चिकटवा.

खाण्यावर चिठ्ठ्या लावा. जैन म्हणजे कांदा-लसूणच नाही, बटाटाही नाही. उपवासाची म्हणून साबुदाणा खिचडी ठेवलीत तर दाण्याचं कूट आहे हे लिहा, कुणाला अॅलर्जी असते. केकमध्ये अंडं आहे की नाही तेही.

मीटअपमध्ये कसं वागायचं याची आचारसंहिता नुसती वेबसाईटवर नको, दारात लावा, खाली दोन फोन नंबर, त्यातला एक बाईचा. तक्रार आली तर कोण काय करणार हे आयोजकांनी आधीच बसून ठरवायचं, ऐनवेळी 'तो आपलाच जुना मेंबर आहे' हे सुरू होतं. फोटो नको असलेल्यांच्या बॅजवर तसं अक्षरात लिहा.

आणि दुभाष्यांचं बिल त्याच आठवड्यात चुकतं करा, पुढच्या मीटअपला तेच लोक लागणार आहेत.