पॅलेटच्या टेबलाचा टॉप उन्हाळ्यात तडकत होता, तो असा थांबवला

हिंगण्याच्या भंगारातून आणलेल्या पॅलेटच्या (माल ठेवायच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या जोडून पावसाळ्यात टेबल केला, मे महिन्यात नागपूरच्या कोरड्या गर्मीत टॉप मधोमध उभा तडकला. भेगेत भुसा-गम भरला, परत उघडली. जास्त लांब स्क्रू कसून लावले तर दुसरी भेग पडली, लई वैताग आला.

फळ्यांवर एचटी (हीट ट्रीटेड, म्हणजे तापवलेलं) शिक्का होता म्हणून मला वाटलं लाकूड वाळलेलं आहे, पण तो फक्त किडीसाठी आहे, लाकूड आतपर्यंत ५६ अंशावर ३० मिनिटं तापवतात, वाळवत नाहीत. आणि लाकूड आकसतं ते रुंदीत, लांबीत जवळपास नाहीच, मी टॉपखाली लावलेल्या आडव्या पट्ट्यांनी टॉप घट्ट धरून ठेवला होता म्हणून फाटत होता.

आधी सगळे स्क्रू काढले. भेगा खरवडून गम लावला, क्लॅम्प २४ तास. मग पट्टीचं मधलं भोक तसंच ठेवलं, कडेची भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने १० मिमी लांबट केली. वॉशर घालून स्क्रू बसवले, कसले, आणि कडेचे पाव फेरा ढिले केले. पट्टीला गम अजिबात लावायचा नाही, हे महत्त्वाचं.

यंदाचा मे गेला, भेग नाही.