पावसाळ्याच्या अखेरीचा कृषी सल्ला : हायड्रोजन सल्फाइड, पीक आणि माणूस

भाद्रपद सरत आला की नाशिक जिल्ह्यात कामांची एकच घाई होते. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ या पट्ट्यात भात पोटरीत किंवा निसवणीत असतो. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे ऑक्टोबर छाटणीच्या आधी चाऱ्या काढून शेणखत भरण्याची, ठिबक धुण्याची आणि स्लरीच्या टाक्या रिकाम्या करण्याची लगबग चालते, तर रांगड्या कांद्याची लागवड मार्गी लागलेली असते. या सगळ्या कामांत एक वायू आपल्या सोबत असतो आणि त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. तो टाकीच्या तळाशी साचला तर माणूस मारतो, भाताच्या मुळाशी वाढला तर मूळ कुजवतो, आणि तरीही झाडाच्या व माणसाच्या पेशी तो स्वतः, अगदी सूक्ष्म प्रमाणात, कामासाठी तयार करतात. म्हणून धोक्याचा सल्ला आधी आणि उपयोगाचा नंतर, अशा क्रमाने हे लिहिले आहे.

स्लरीची खोल टाकी, गोबर गॅसची पाचक टाकी, मळीचा खड्डा किंवा शौचालयाची टाकी यांच्या आत कोणीही कोणत्याही कारणाने उतरू नये. शेण, गूळ, बेसन, गोमूत्र यांचे मिश्रण पावसाळाभर न ढवळता पडून राहिले की तळाशी प्राणवायू उरत नाही, आणि तेथील जिवाणू सल्फेटमधला व प्रथिनांमधला गंधक वापरून हा वायू तयार करतात. तो हवेपेक्षा सुमारे 1.2 पट जड असल्याने वर निघून न जाता तळाशी बसून राहतो. स्थिर गाळात तो अडकलेला असतो, पण बांबूने ढवळताच किंवा पंप लावताच एकदम सुटतो. त्यामुळे सकाळी टाकीत डोकावून काही झाले नाही, म्हणून दुपारी ढवळल्यानंतरही काही होणार नाही, असे धरून चालू नये.

या वायूचा सर्वांत फसवा गुण त्याच्या वासात आहे. दशलक्षात एक भागापेक्षाही कमी प्रमाणात त्याचा वास येतो, परंतु प्रमाण 100 पीपीएमच्या (दशलक्षात 100 भागांच्या) आसपास पोहोचले की काही मिनिटांत नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने हीच 100 पीपीएमची पातळी जिवाला तत्काळ धोका मानली आहे. 500 ते 700 पीपीएमला माणूस पाच मिनिटांच्या आत लडखडून पडतो आणि 1000 पीपीएमच्या वर एकदोन श्वासांतच कोसळतो. याचा अर्थ असा, की वास येईनासा झाला म्हणजे वायू निघून गेला असे नसून, तो प्राणघातक पातळीला पोहोचला असण्याची शक्यता असते. पेशीला प्राणवायू वापरू देणाऱ्या सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरालाच (एन्झाइमलाच) तो बांधून ठेवतो. त्यामुळे छाती हलत असली तरी पेशी गुदमरत असतात.

विहिरीत किंवा टाकीत पेटता दिवा सोडून पाहण्याची जुनी पद्धत येथे वापरू नये. दिव्याने फार तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते, हायड्रोजन सल्फाइड कळत नाही. शिवाय गोबर गॅसच्या टाकीत मिथेन असतो आणि हा वायूही ज्वलनशील आहे, म्हणून त्या दिव्यानेच स्फोट होऊ शकतो. टाकी बाहेरूनच, पंपाने आणि लांब दांड्याने साफ करावी. ढवळण्यापूर्वी झाकणे पूर्ण उघडावीत, जनावरे आणि मुले दूर न्यावीत, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला पाठ करून उभे राहावे. आत एखादा माणूस पडलाच तर त्याच्या मागे उतरू नये. ही सूचना पाळणे फार कठीण आहे, कारण आत पडलेला माणूस बहुधा घरचाच असतो. पण एकामागोमाग एक उतरून दोघेतिघे दगावण्याच्या दुर्घटना याच कारणाने होतात. 112 किंवा 101 वर फोन करावा, बाहेरूनच दोर टाकता आला तर टाकावा, पंख्याने किंवा ब्लोअरने आत ताजी हवा सोडावी, आणि माणूस वर आल्यावर त्याला मोकळ्या हवेत ठेवून 108 ची रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना कोणत्या टाकीत घडले ते स्पष्ट सांगावे, कारण उपचाराची दिशा त्यावरून ठरते. शौचालयाच्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

ठिबक धुताना याच वायूचा दुसरा, कमी बोलला जाणारा धोका असतो. बोअरवेलच्या पाण्याला सडका वास येत असेल आणि लॅटरलच्या टोकातून काळा गाळ निघत असेल, तर तो बहुतेक लोहाचा सल्फाइड असतो. त्यावर आम्ल पडले की वायू मोकळा होतो. म्हणून आधी फ्लश व्हॉल्व्ह उघडून नुसत्या पाण्याने गाळ काढावा आणि मग मोकळ्या जागेत आम्ल प्रक्रिया करावी. चुना-गंधकाचे द्रावण, म्हणजे कॅल्शियम पॉलिसल्फाइड, आम्ल असलेल्या किंवा आम्लधर्मी खताच्या टाकीत कधीही मिसळू नये. त्यातूनही हाच वायू निघतो. क्लोरिन आणि आम्ल एकत्र करू नये हे बहुतेकांना माहीत आहे, ही दुसरी जोडीही तितकीच टाळण्यासारखी आहे.

आता भाताकडे वळू. सतत पाणी साचलेल्या खाचरात मातीतला प्राणवायू संपतो. त्यानंतर जिवाणू प्रथम नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, आणि शेवटी सल्फेट वापरतात. या शेवटच्या टप्प्यावर हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आपल्या पश्चिम पट्ट्यातील तांबूस जमिनीत लोह भरपूर असते आणि ते या वायूला बांधून काळ्या सल्फाइडच्या रूपात अडकवते, त्यामुळे बऱ्याच खाचरांत नुकसान दिसत नाही. नुकसान होते ते सखल, रेताड, लोह कमी असलेल्या आणि न कुजलेला पाला ऐन वेळी गाडलेल्या तुकड्यांत. जपानमध्ये या विकाराला अकिओची म्हणतात. त्यात पीक सुरुवातीला जोमदार दिसते, मात्र दाणे भरण्याच्या वेळी मागे पडते. तपासणी सोपी आहे. एक चूड मुळासकट उपटून धुवावा. मुळांवर तांबूस-तपकिरी थर असेल तर मूळ स्वतः प्राणवायू सोडून आपले रक्षण करत आहे. मुळे काळी पडली असतील आणि सडका वास येत असेल तर वायू वरचढ झाला आहे. फुटव्यांच्या काळात असे आढळल्यास पाणी काढून जमिनीला बारीक भेगा पडू लागेपर्यंत थांबणे हा उत्तम उपाय होय. मात्र या दिवसांत भात पोटरीत किंवा फुलोऱ्यात असल्याने खाचर कोरडे पाडू नये. साचलेले जुने पाणी काढून लगेच ताजे, वाहते पाणी घ्यावे आणि पातळी उथळ ठेवावी. अशा तुकड्यात पुढील हंगामापासून अमोनियम सल्फेटऐवजी युरियातून नत्र द्यावे, पालाशाची मात्रा चुकवू नये आणि गिरिपुष्पाचा पाला लावणीच्या पुरेसा आधी गाडावा.

द्राक्ष बागेतही तत्त्व हेच आहे. काळ्या, निचरा न होणाऱ्या जमिनीत परतीचा पाऊस झाला, बोदाखाली पाणी उभे राहिले आणि त्यात चारीत अर्धवट कुजलेले शेणखत असेल, तर छाटणीनंतर पांढरी मुळी चालत नाही. फूट एकसारखी न निघण्यामागे काही वेळा हेही कारण असते. चारी उकरून वास घ्यावा. मातीचा वास नेहमीचा असेल तर ठीक, सडका असेल तर चर काढून वाफसा येऊ द्यावा आणि पूर्ण कुजलेले खतच वापरावे. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक फवारताना तापमान 35 अंशांच्या वर जाणार असेल तर फवारणी टाळावी, आणि तेलयुक्त फवारणीच्या आसपास ती घेऊच नये. वाइनची द्राक्षे पिकवणाऱ्यांनी काढणीपूर्वी गंधक बंद करण्याची वायनरीने दिलेली मुदत काटेकोर पाळावी. मण्यांवर उरलेल्या गंधकापासून आंबवण्याच्या वेळी यीस्ट हाच वायू तयार करते, आणि रसात नत्र कमी असले तरीही तसेच होते.

येथपर्यंत या वायूचा त्रास सांगितला, पण तेवढेच सांगणे अपुरे ठरेल. वनस्पती आपल्या पानांत सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून हायड्रोजन सल्फाइड अत्यल्प प्रमाणात स्वतःच तयार करतात. पाण्याचा ताण पडला की मुळांकडून आणि पानांतून अ‍ॅबसिसिक आम्ल या संप्रेरकाचा संदेश जातो, पर्णरंध्रांच्या कडेच्या रक्षक पेशींत हा वायू तयार होतो, तो काही ठरावीक प्रथिनांच्या गंधकाला आणखी एक गंधक जोडतो आणि पर्णरंध्रे मिटतात. म्हणजे उन्हाच्या तडाख्यात पाणी वाचवण्याच्या यंत्रणेतला हा एक दुवा आहे. सोडियम हायड्रोसल्फाइडमधून हा वायू अगदी मोजून दिल्यास बियाण्याची उगवण सुधारते, आणि स्ट्रॉबेरी व द्राक्षासारखी फळे साठवणीत अधिक काळ ताजी राहतात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांत दिसले आहे. सुरगाण्याच्या स्ट्रॉबेरी उत्पादकांना हे वाचून उत्सुकता वाटणे स्वाभाविक आहे. ऑक्टोबर छाटणीच्या संदर्भातही एक गोष्ट नोंदण्याजोगी आहे. जपानमध्ये द्राक्षाचे डोळे फुटण्यासाठी लसणापासून केलेल्या मिश्रणांचे प्रयोग झाले असून, त्यामागे लसणातील गंधकयुक्त संयुगे असल्याचे मानले जाते. परंतु आपल्या हवामानात त्याची मात्रा ठरलेली नसल्याने डोळे फुटण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हायड्रोजन सायनामाइडचा पर्याय म्हणून लसणाचा लेप संपूर्ण बागेला लावू नये. फारच इच्छा असेल तर एका ओळीवर करून पाहावे आणि शेजारची ओळ तुलनेसाठी ठेवावी.

सोडियम हायड्रोसल्फाइडचे द्रावण शेतावर बनवून फवारणे किंवा फळांच्या खोलीत सोडणे मात्र कटाक्षाने टाळावे. उपयोगी मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर थोडे आहे, आणि आम्लाशी संबंध आल्यास हे रसायन वायू सोडते. या नावाचे काही ‘टॉनिक’ कोणी दारी घेऊन आलेच, तर त्यावर कीटकनाशक कायदा 1968 खालील नोंदणी क्रमांक आहे का, किंवा खत नियंत्रण आदेश 1985 खाली ते जैव उत्तेजक म्हणून समाविष्ट आहे का, हे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर घेऊ नये. झाडाला हा वायू बाहेरून देण्यापेक्षा तो स्वतः बनवता येईल इतका गंधक मातीत असणे अधिक महत्त्वाचे आणि स्वस्तही आहे. माती परीक्षण करताना उपलब्ध गंधक मुद्दाम तपासून घ्यावा. कांद्यासाठी तर हे फारच आवश्यक आहे, कारण त्याचा तिखटपणा आणि उग्र वास मातीतून मिळालेल्या गंधकावर अवलंबून असतो. मूलद्रव्य रूपातील गंधक, बेंटोनाइट गंधक इत्यादी, जिवाणूंनी सल्फेटमध्ये बदलल्यावरच मुळांना मिळतो. म्हणून तो लागवडीपूर्वी किंवा लागवडीच्या वेळीच जमिनीत द्यावा. जिप्सममधील सल्फेट लगेच उपलब्ध होतो.

माणसाच्या शरीरातही असेच घडते. 1996 मध्ये जपानचे हिदेओ किमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्याने मेंदूत हा वायू तयार होतो आणि चेतापेशींच्या कामावर परिणाम करतो, असे दाखवले. नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइडनंतर तो शरीराचा तिसरा संदेशवाहक वायू मानला जाऊ लागला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, हा वायू बनवणारे एक विकर नसलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढलेला आढळला. त्याआधी, 2007 मध्ये, लसणातील संयुगांपासून तांबड्या रक्तपेशी हा वायू तयार करतात आणि रक्तवाहिन्या सैल होतात, हेही दिसून आले होते. वेदनाशामक औषधाला हा वायू सोडणारा भाग जोडून पोटातील व्रण कमी करता येतात का, याच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत. पण शेतकरी कुटुंबांसाठी यातून निघणारा सल्ला साधा आहे. लसूण ठेचून काही मिनिटे ठेवावा आणि मग फोडणीत टाकावा, म्हणजे उष्णतेने लसणातील विकर मरण्यापूर्वी त्याचे काम झालेले असते. रक्तदाबाच्या गोळ्या लसणाच्या भरवशावर बंद करू नयेत, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

जनावरांच्या बाबतीत एवढेच, की रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या पहिल्या पोटातील जिवाणूही सल्फेटपासून हा वायू बनवतात. तो ढेकरेतून वर येतो आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जातो. मळीयुक्त खाद्य जास्त दिले जात असेल आणि बोअरच्या पाण्यातही सल्फेट जास्त असेल, तर दोन्ही मिळून मात्रा वाढते. अशा गोठ्यात एखादे जनावर आंधळ्यासारखे चालू लागले, भिंतीला डोके टेकवून उभे राहिले किंवा झटके देऊ लागले, तर खाद्य व पाणी ताबडतोब बदलावे आणि पशुवैद्यकांना बोलवावे. थायामिनचे इंजेक्शन वेळेत मिळाल्यास जनावर सावरू शकते. पाण्याचा नमुना तपासणीसाठी देताना सल्फेटची चाचणी लिहून मागावी, कारण नेहमीच्या तपासणीत ती असेलच असे नाही.