दोन्ही हात लावले का? मोठ्यांच्या पोहण्याच्या स्पर्धेचे नियम, डीक्यू होऊन शिकलेले

पहिल्या मास्टर्स (म्हणजे मोठ्यांच्या) स्पर्धेत मी ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहले, चक्क दुसरी आले, बाहेर येऊन टॉवेल गुंडाळला, नवऱ्याने फोटोपण काढला आणि मग निकाल लागला तर माझ्या नावासमोर वेळच नाही, नुसतं डीक्यू, म्हणजे डिस्क्वालिफाय, बाद. विचारायला गेले तर बाईंनी शांतपणे सांगितलं, टर्नला, म्हणजे भिंतीपाशी वळताना, एकच हात लावलात. आणि खरंच लावला असणार, कारण सहा वर्षं रोज सकाळी बॅचमध्ये मी तेच करत आलेय, भिंतीपाशी आलं की डाव्या हाताने कडेची दांडी धरायची, उजव्या हाताने गॉगल वर करायचा, भिंतीवरच्या घड्याळात बघायचं, बाजूच्या काकूंना "संपली का हो वेळ?" विचारायचं आणि निघायचं. हात तसाच वळला.

तर हे सगळं लिहितेय ते तिशी-चाळिशी-साठीत पहिल्यांदा स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी. आपण डीक्यू होतो ते हळू पोहतो म्हणून नाही, हळू पोहणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. आपण डीक्यू होतो भिंतीपाशी, बॅचमधल्या सवयींनी. मधल्या पाण्यात फारसं काही बिघडत नाही, बिघडतं ते पहिल्या आणि शेवटच्या दोन मीटरमध्ये.

आधी वयाचं बघू कारण फॉर्म भरतानाच लोक चुकतात. वर्ल्ड अ‍ॅक्वाटिक्सच्या (म्हणजे २०२३ च्या आधी जिला फिना म्हणायचे ती) नियमांप्रमाणे मास्टर्स २५ वर्षांपासून सुरू होतं आणि पाच-पाच वर्षांचे गट असतात, २५ ते २९, ३० ते ३४, असं करत करत शंभरीच्याही पुढे. वय धरतात ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला जे असेल ते. म्हणजे जन्म डिसेंबर १९७६ चा असेल आणि स्पर्धा फेब्रुवारी २०२६ मध्ये असेल तरी तुम्ही पन्नाशीच्या गटात, केक कापायला दहा महिने असले तरी. आमच्या ग्रुपमधले एक काका यावर फार चिडले होते, मग लक्षात आलं की नव्या गटात ते सगळ्यात लहान, म्हणजे फायदाच, तेव्हा गप्प बसले. स्थानिक स्पर्धांचे गट कधीकधी वेगळे असतात, परिपत्रक नीट वाचा.

आता स्टार्ट. बहुतेक बॅचमध्ये सूर मारायला बंदी असते त्यामुळे ब्लॉकवर (काठावरच्या उंच चौथऱ्यावर) उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. तर ऐका, मास्टर्समध्ये ब्लॉकवरून सूर मारलाच पाहिजे असं काही नाहीये. खाली काठावरून निघा, नाहीतर पाण्यात उतरून एक हात भिंतीला लावून पायाने ढकलून निघा, तिन्ही चालतं. मी दोन वर्षं पाण्यातूनच निघायचे, कोणी हसलं नाही.

क्रम असा असतो की आधी बारीक बारीक शिट्ट्या वाजतात म्हणजे कपडे काढून तयार व्हा, मग एक लांब शिट्टी म्हणजे ब्लॉकवर चढा. बॅकस्ट्रोकला लांब शिट्टीवर पाण्यात उतरायचं आणि दुसऱ्या लांब शिट्टीवर पकडीपाशी (ब्लॉकखाली हाताने धरायची दांडी असते तिथे) यायचं. मग "टेक युअर मार्क्स", आणि इथे पुतळा व्हायचं. सगळे स्थिर झाले की बझर. बझरच्या आधी निघालात तर संपलं, दुसरा चान्स नाही. आणि मजा म्हणजे (मजा कसली) बझर वाजून गेलेला असला तर शर्यत थांबवत नाहीत, तुम्ही बिचारे जीव तोडून पूर्ण पोहता आणि मग कळतं की पहिल्याच सेकंदाला बाद झाला होतात.

फ्रीस्टाईल सगळ्यात दयाळू. कसंही पोहा, विहिरीत शिकलेलं मान बाहेर काढून पोहणंसुद्धा चालतं. टर्नला अंगाचा कुठलाही भाग भिंतीला लागला की झालं, हात, पाय, काहीही. पण लागलाच पाहिजे, कोलांटी मारताना पाय भिंतीपर्यंत पोचला नाही तर परत मागे येऊन लावा आणि मगच पुढे जा. दम लागला तर तळावर उभं राहायला हरकत नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, उभं राहा, श्वास घ्या, पुन्हा सुरू करा, फक्त चालायचं नाही, एक पाऊलसुद्धा. आणि लेनचा दोर धरून स्वतःला पुढे ओढायचं नाही. सुरुवातीला आणि टर्ननंतर पाण्याखाली जास्तीत जास्त १५ मीटर, तोवर डोकं वर आलंच पाहिजे. आपल्याला याची काळजी नको, आपण तीन मीटरला वर येतो.

पण हा १५ मीटरचा नियम आला कुठून ते ऐकण्यासारखं आहे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये डेव्हिड बर्कॉफ नावाचा अमेरिकन १०० मीटर बॅकस्ट्रोकला पाण्याखालून डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे) मारत जवळजवळ ३५ मीटर गेला आणि हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) विश्वविक्रम केला. फायनलला मात्र सोनं जपानच्या दाइची सुझुकीने नेलं, तोही पाण्याखालूनच. त्यानंतर लगेच मर्यादा आली, आधी १० मीटर, मग १५. ब्रेस्टस्ट्रोकचंही तसंच, १९५६ ला मेलबर्नमध्ये जपानचा मसारू फुरुकावा बहुतेक वेळ पाण्याखालीच पोहून २०० मीटरचं सोनं घेऊन गेला, म्हणून आता ब्रेस्टस्ट्रोकला प्रत्येक स्ट्रोकला डोकं पाण्याबाहेर दिसावंच लागतं.

बॅकस्ट्रोकला भीती असते डोकं आपटायची. स्पर्धेत भिंतीपासून ५ मीटरवर वरती झेंड्यांची माळ असते. बॅचच्या टँकवर ती नसतेच, त्यामुळे आपल्याला तिचा उपयोगच माहीत नसतो. वॉर्म-अपला झेंड्यांपासून भिंतीपर्यंत आपले किती हात होतात ते मोजून ठेवा, माझे सहा होतात, थकल्यावर सात. शेवट उताणं असतानाच करायचा. भिंत कुठंय म्हणून मान वळवून बघितलं, त्याबरोबर खांदा वळला आणि पालथे झालात तर गेलं. टर्नला पालथं होता येतं पण मग तिथे रेंगाळायचं नाही, हाताची एक ओढ आणि सरळ कोलांटी. पालथं होऊन पाय मारत भिंतीपर्यंत तरंगत जाणं हा ठरलेला डीक्यू. माझं ऐकाल तर कोलांटी सोडा, उताणं असतानाच हात लावा, वळा आणि पाय भिंतीवरून सुटताना पुन्हा उताणे असा, दीड-दोन सेकंद जातील पण डोक्याला ताप नाही.

ब्रेस्टस्ट्रोक. इथे सगळ्यात जास्त माणसं कापली जातात आणि ती नेमकी तीच जी म्हणतात "मला ब्रेस्ट तर लहानपणापासून येतं." लहानपणी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेल्यांचा एक पाय बेडकासारखा बाहेर वळतो आणि दुसरा कात्रीसारखा खाली जातो. त्यांना स्वतःला ते कधीच कळत नाही. नियम असा की दोन्ही पाय एकाच वेळी, एकाच पातळीत हलले पाहिजेत आणि मागे ढकलताना दोन्ही पावलं बाहेरच्या बाजूला वळलेली पाहिजेत. कोणाला तरी काठावरून मागून व्हिडिओ काढायला सांगा, मग बघा. आमच्या बॅचमधल्या एक मॅडम, चाळीस वर्षं पोहतायत, स्वतःचा व्हिडिओ बघून म्हणाल्या ही बाई कोण.

मग तो माझा दोन हातांचा किस्सा. टर्नला आणि शेवटाला दोन्ही हात एकाच वेळी लागले पाहिजेत, आणि ते एकमेकांपासून सुटे हवेत, तळव्यावर तळवा ठेवून नाही. एक हात वर आणि एक थोडा खाली लागला तर चालतं, पण वेळ एकच. हात लागले की मग एक हात सोडून वळा, तिथे काही प्रॉब्लेम नाही. स्टार्टनंतर आणि प्रत्येक टर्ननंतर एकदाच हात पार मांड्यांपर्यंत ओढता येतात आणि पहिल्या ब्रेस्ट किकच्या आधी एकच डॉल्फिन किक चालते, ही किक २००४ च्या अथेन्समध्ये जपानच्या कोसुके किताजिमाने ती मारली का यावरून झालेल्या वादानंतर मान्य झाली. त्यानंतर मात्र हात कमरेच्या मागे जायला नकोत. हे सगळं जमत नसेल तर पाण्याखालची ओढ मारूच नका, सरळ वर येऊन पोहायला लागा, ती सक्तीची नाहीये.

बटरफ्लाय बघून लोक फॉर्मवर काट मारतात. थांबा. मास्टर्समध्ये बटरफ्लायला ब्रेस्टस्ट्रोकची किक चालते! हाताच्या एका ओढीला एकच किक, एवढंच. ही काही म्हाताऱ्यांवर केलेली दया नाही, बटरफ्लाय जन्मलाच तसा, पूर्वी लोक ब्रेस्टस्ट्रोकच्याच शर्यतीत हात पाण्यावरून पुढे टाकायला लागले, पाय बेडकाचेच, आणि मग १९५६ च्या ऑलिंपिकपासून तो वेगळा प्रकार झाला. पण एक लक्षात ठेवा, ही सवलत फक्त मास्टर्सची, खुल्या गटात नाव दिलंत आणि तिथे बेडूक किक मारलीत तर बाद. हात मात्र दोन्ही एकदम, पाण्याच्या वरून, शेवटचे दहा मीटर हात जड होऊन पाण्यातूनच पुढे सरकायला लागतात, तिथे जज बघतच असतो. आणि भिंतीला, परत तेच, दोन्ही हात एकदम.

आयएम (इंडिव्हिज्युअल मेडली) म्हणजे चारही प्रकार एकट्याने, क्रम बटरफ्लाय, बॅक, ब्रेस्ट, फ्री. रिलेत चौघं असतात तेव्हा क्रम बदलतो, बॅक, ब्रेस्ट, बटरफ्लाय, फ्री, कारण बॅकचा स्टार्ट पाण्यातून होतो, तो मध्ये आला तर पुढचा पाण्यात उतरून आधीच्याच्या वाटेत उभा. आयएममध्ये बॅकवरून ब्रेस्टला जाताना उताणं असतानाच भिंत लावायची, तिथेही बरेच जण आधीच पालथे होतात.

रिलेचा गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर ठरतो, १०० ते ११९, १२० ते १५९, मग पुढे चाळीस-चाळीसने. आमची टीम ४५, ४८, ५२ आणि ६१ म्हणजे २०६, गट २०० ते २३९. म्हणून साठीच्या पुढच्या चांगल्या पोहणाऱ्याला टीममध्ये ओढायला सगळे टपलेले असतात, आमच्या काकांना दर स्पर्धेआधी तीन-तीन फोन येतात आणि मग त्यांचा भाव काही विचारू नका. पुढच्याचे पाय ब्लॉकवरून सुटायच्या आधी मागच्याचा हात भिंतीला लागला पाहिजे, घाई केलीत की चौघांचंही गेलं.

कपडे. २००९ ला रोमच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पॉलियुरेथेनचे सूट घालून ४३ विश्वविक्रम झाले आणि १ जानेवारी २०१० पासून ते बंद. आता कापडाचेच, पुरुषांचा बेंबीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर, बायकांचा खांद्यापासून गुडघ्यापर्यंत. आपल्याकडे टँकवर बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, वर झालर असलेला कॉस्च्युम सर्रास घालतात, तोच घालून पोहायचं असेल तर आयोजकांना आधी फोन करून विचारा, तिथे ऐन वेळी वाद नको. अंगाला टेप परवानगीशिवाय नाही, हातमोजे-फिन्स अर्थातच नाही. घड्याळ घरीच ठेवा.

आता सराव. पुण्यातले बहुतेक टँक २५ मीटरचे, बालेवाडीचा ५० चा, त्यामुळे स्पर्धा कुठे आहे ते बघून किती टर्न येणार ते मोजा. बॅचच्या शेवटची पाच मिनिटं फक्त भिंतीला द्या, ५ मीटरवरून निघायचं, लावायचं, वळायचं, परत. जानेवारीत सकाळी सहाला त्या गार पाण्यात हे करायला जिवावर येतं, कबूल. माझी मैत्रीण काठावर बसून प्रत्येक टर्नला "दोन्ही!" असं ओरडते, कोच आता आम्हा दोघींना नावाने ओळखत नाही, "दोन्ही" म्हणूनच हाक मारतो.

आणि डीक्यू झालात तर भांडू नका, कारण विचारा, ते लिहिलेलं असतं. खरंच चूक झाली नाही असं वाटलं तर शर्यत संपल्यापासून अर्ध्या तासात लेखी तक्रार देता येते, त्यासाठी पैसे भरावे लागतात. मी दिली नाही. मला तो डावा हात आठवत होता.