बॉटनी करून अँटीकॅन्सरवर पीएचडी करायचीय? मग हे वाचा

एमएस्सी झालेले साताऱ्याकडचे ज्युनियर सारखे विचारतात, ताई औषधी वनस्पतींच्या अँटीकॅन्सर टॉपिकवर पीएचडी घेऊ का, म्हणून एकदाच लिहून टाकते. घ्या की, पण झाड विचार करून घ्या. हळद नाहीतर तुळस घेतली की व्हायव्हाला पहिलाच प्रश्न, यात नवीन काय? त्यापेक्षा आपल्या महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलातला नरक्या हे झाड बघा, त्यात कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन असतं. वॉल आणि वाणी या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते १९६६ साली एका चिनी झाडातून शोधलं, पण ते पाण्यात नीट विरघळेना आणि साइड इफेक्टही जबर, मग त्यात फेरफार करून टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं तयार झाली आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली १९९६ ला, म्हणजे तीस वर्षं गेली. तुमची पीएचडी पाचेक वर्षांची, तेव्हा थीसिसमध्ये औषध सापडणार नाही हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

नरक्याची तस्करीपायी बेसुमार तोड झालीय, त्यामुळे वनखात्याची परवानगी घेतल्याशिवाय फांदीला हात लावायचा नाही, आणि तो अर्ज अगदी सुरुवातीलाच टाका. पावसात महाबळेश्वरला पानं वाळत नाहीत, बुरशी धरते, म्हणून त्याच दिवशी खाली साताऱ्यात आणून पेपरवर पसरून पंख्याखाली वाळवायची. हर्बेरियम शीट (वाळवलेल्या फांदीचा कागदावर चिकटवलेला नमुना) करून पुण्याच्या बीएसआयकडून, म्हणजे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाकडून, झाडाची ओळख पक्की करून घ्या.

आता एमटीटी, म्हणजे अर्कानं किती पेशी मेल्या ते रंगावरून बघायची टेस्ट. ९६ खळग्यांची प्लेट, पिवळा एमटीटी टाकायचा, जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, जांभळं कमी म्हणजे पेशी कमी, ऐकायला सोप्पं. पण पानाचा अर्क असतो हिरवागार, तो रंगच रीडिंगमध्ये घुसतो, शिवाय काही अर्क पेशी नसतानाही एमटीटी जांभळा करतात, म्हणून पेशी नसलेले अर्काचे खळगे ठेवायचेच आणि नुसत्या डीएमएसओचेही (अर्क ज्यात विरघळवतात तो द्रव). आणि नॉर्मल पेशींवर टेस्ट केलीच पाहिजे, नाहीतर कॅन्सरच्या पेशी फिनाईलनंपण मरतात हो! आयसी फिफ्टीचा (निम्म्या पेशी रोखायला लागणाऱ्या डोसचा) आकडा बघून लगेच पेढे वाटणारे मी बघितलेत.

अजून एक त्रास म्हणजे नातेवाईक. विषय कळला की सदाफुलीच्या पानांचा रस किती घ्यायचा म्हणून फोन येतात. व्हिन्क्रिस्टिन हे कॅन्सरचं औषध सदाफुलीतनंच येतं हे खरंय, ब्लड कॅन्सरच्या पोरांना देतात ते, पण एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात आणि डोस जरा चुकला तर मज्जातंतूंवर परिणाम होतो, तेव्हा सरळ सांगायचं, रस नको, ऑन्कोलॉजिस्टकडं जा.

नोकरीचं म्हणाल तर एचपीएलसी (अर्कातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) स्वतः चालवायला शिका, कॉलम धुण्यापासून. आपल्या कॉलेजात मशीन नसेल किंवा बंद असेल तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नाहीतर पुण्यात कुठं करता येईल ते गाईडला ॲडमिशनच्या आधी विचारा, पेशी वाढवायच्या सीओटू इन्क्युबेटरचंपण तसंच.