कॅडासिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाचा धोका कसा कमी ठेवावा

कॅडासिल या मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आनुवंशिक आजाराचे नाव घेतले की त्या वाहिन्या अरुंद होऊन येणारा पक्षाघात आठवतो, आणि बहुतेक रुग्णांत तोच येतो. पण त्याच वाहिन्यांच्या भिंती आतून खराब झालेल्या असल्याने त्यांतून रक्तस्रावही होऊ शकतो.

सर्वप्रथम जनुकीय चाचणीचा अहवाल पाहावा. कॅडासिलमध्ये दोष १९ व्या गुणसूत्रावरील नॉच-३ या जनुकात असतो. तो सीओएल-४-ए-१ या जनुकात असेल, तर तो वेगळा आजार असून त्यात रक्तस्राव तरुण वयात, क्वचित जन्मापूर्वीही, होऊ शकतो. म्हणून ‘आनुवंशिक आजार आहे’ एवढे सांगून भागत नाही.

एमआरआय करताना रक्ताच्या जुन्या खुणा दाखवणारी एसडब्ल्यूआय ही प्रतिमा घेण्यास सांगावे. पूर्वीच्या सूक्ष्म रक्तस्रावातून उरलेले लोह तीत काळ्या ठिपक्यांसारखे दिसते. सीटी स्कॅनमध्ये हे ठिपके सहसा दिसत नाहीत. त्यांची संख्या आणि जागा अहवालात लिहून घ्यावी, म्हणजे पुढील तपासणीशी तुलना करता येते.

आपल्या हातात सर्वांत जास्त असते ते रक्तदाबाचे नियंत्रण. पाच मिनिटे शांत बसून, सकाळी व संध्याकाळी, प्रत्येक वेळी दोनदा दाब मोजावा आणि नोंदवही डॉक्टरांना दाखवावी. औषधाचा डोस मनाने वाढवून दाब फार खाली आणणेही चुकीचे आहे, कारण अरुंद वाहिन्यांतून होणारा रक्तपुरवठा आणखी घटतो. धूम्रपान अर्थातच बंद करावे.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबत दोन्ही टोके टाळावीत. पक्षाघात झालेलाच नसताना केवळ खबरदारी म्हणून स्वतःहून अ‍ॅस्पिरिन सुरू करू नये, आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी दिलेले औषध भीतीपोटी परस्पर बंदही करू नये. एमआरआयमधील ठिपके दाखवून हा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञ व हृदयरोगतज्ज्ञ यांना मिळून घेऊ द्यावा.

अचानक हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले किंवा असह्य डोकेदुखीसह उलट्या झाल्या, तर ‘नेहमीची अर्धशिशी असेल’ असे मानून थांबू नये (या आजारात अर्धशिशी सर्रास असल्याने ही चूक सहज होते). घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, कारण वाहिनीत रक्ताची गाठ अडकली आहे की रक्तस्राव झाला आहे, हे स्कॅनशिवाय कळत नाही. सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि पोहोचताच निदानाची चिठ्ठी दाखवावी, म्हणजे गाठ विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी त्याचा विचार होईल.