भातलावणीला वेल्ह्याकडे जाताना

पुणे जिल्ह्यातल्या वेल्ह्याकडे जुलैत, लावणी सुरू असताना जा. पुण्यात स्वारगेटहून सकाळची एसटी धरा. उतरतानाच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारा. ज्यांच्याकडे जेवणार असाल त्यांना आदल्या दिवशी कळवा, कारण लावणीत घरची सगळी माणसं खाचरात असतात.

बांधावरून एकामागे एक, मधोमध चाला. कडेला पाय पडला की ओली माती ढासळते, पाणी वाहून जातं, नुकती लावलेली रोपं उघडी पडतात. हे नुकसान फार जिव्हारी लागतं.

लावायला अनवाणी उतरा, बूट रुततात. दोन-तीन रोपांची चूड बोटांनी दोन-तीन सेंटीमीटरच खोचा. खोल गेली तर फुटवे कमी येतात.

वाटेत लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या कातळावर शेवाळ असतं, तिथे उतारावर पाऊल आडवं टाका.